वेताळाला स्ट्रॉबेरीचा वास

सोलापुरात पाऊस पडत नाही असं ज्यांचं मत आहे, त्यांनी एकदा आमच्या गणपतीला यावं. आम्ही पर्जन्यछायेतली माणसं. जून-जुलैत काळे ढग येतात, डोक्यावरून निघून जातात आणि आम्ही माळ्यावरून काढलेली छत्री परत माळ्यावर टाकतो. पण आमचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. मांडव उभा राहिला, वायरी पसरल्या, अध्यक्षांचा फ्लेक्स लागला, की वरुणराजाला सोलापूर आठवतं.

आमच्या मंडळाचा मी सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे ज्याची वर्गणी वेळेवर घेतात आणि मत नंतर विचारतात. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवल्यामुळे वायर, स्पीकर आणि मोदकाचा बिघडलेला पाक या तिन्हीसाठी मलाच हाक मारतात. यंदा जिवंत देखावा विक्रम-वेताळाचा ठरला. पोरांना ही कथा रामानंद सागरांच्या 1985 च्या मालिकेमुळे माहीत होती, तीही त्यांच्या बापांकडून. अकराव्या शतकात सोमदेवाने ती ‘कथासरित्सागरा’त घेतली आहे, हे मी बैठकीत सांगितलं. त्यावर चर्चा न होता चहा आला.

धुराची कल्पना मात्र न्यू जर्सीची. माझा भाचा तिथे असतो. तिकडे 31 ऑक्टोबरला हॅलोविन म्हणून भुतांचा सण असतो. लोक अंगणात सांगाडे बसवतात आणि मशीन लावून धूर सोडतात. त्याने मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाठवला होता. तो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा सचिवांनी अंगठा दाखवला होता. देखावा ठरल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा वर आला. भूत म्हटलं की धूर, हे आम्हाला रामसे बंधूंच्या भुतांच्या सिनेमांनीही शिकवलेलंच होतं.

मशीन स्वस्तात मिळालं, कारण चातुर्मास. लग्नं बंद असल्यामुळे डेकोरेशनवाल्याकडे ते नुसतं पडून होतं. अंगावर सोनेरी अक्षरांत ‘वधू एंट्री’ लिहिलेलं आणि सोबत पाच लिटरचा लिक्विडचा कॅन. तो उघडल्यावर कळलं की लिक्विड स्ट्रॉबेरीच्या वासाचं आहे. दुसरा कॅन नव्हता. आमचं स्मशान यंदा महाबळेश्वरच्या बाजारासारखं घमघमणार हे तिथेच ठरलं.

“सर, तुम्ही सायन्सचे. हे पाण्यात चालंल का?” लायटिंगवाल्या पोराने विचारलं.

“कुठल्या पाण्यात?”

त्याने नुसतं वर बघितलं.

आता मशीन काय करतं ते सांगतो. एवढा अधिकार सल्लागाराला असावा. त्यात धूर नसतोच, कारण काही जळत नाही. ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचं मिश्रण पंपाने एका तापलेल्या धातूच्या ठोकळ्यात ढकलतात. तिथे त्याची वाफ होते, ती बाहेरच्या गार हवेत आली की बारीक थेंबांचं धुकं बनतं. ते कोमट असतं म्हणून वर जातं. जमिनीवर रांगायला हवं असेल तर बर्फाच्या पेटीतून न्यावं लागतं. बर्फ लस्सीवाल्याकडून आला. पेटी मासळीवाल्याची नाही ना, याची खात्री अध्यक्षांनी स्वतः नाक लावून केली.

गंमत पुढेच आहे. ग्लायकॉलला ओलाव्याची हाव असते. मे महिन्यातल्या आमच्या कोरड्या हवेत हे धुकं बघता बघता विरून जाईल. पण हवा दमट असली की थेंब लवकर सुकत नाहीत, धुकं जास्त टिकतं. म्हणजे धूर करणाऱ्यासाठी ओला सप्टेंबर म्हणजे पर्वणी. फक्त वारा, पाऊस आणि वीज हे तिघे नकोत.

रंगीत तालमीला वारा आला. सगळा धूर वेताळाला सोडून समोरच्या बंगल्यात गेला. गल्लीतल्या पोरांना वाटलं महापालिकेची डासांची गाडी आली. ती आरडाओरडा करत धुरात पळायला लागली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या वहिनी तेवढ्या गॅलरीत येऊन म्हणाल्या, “या वर्षीचं औषध चांगलंय हो, वास छान येतोय.”

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गर्दीही आली आणि पाऊसही. ताडपत्री होती, पण ती गणपतीवर. स्मशान उघड्यावर होतं. आमचा वेताळाचा वड बांबू, गोणपाट आणि वर्तमानपत्राच्या कागदाचा, कारण 2018 पासून थर्माकोलला बंदी. पावसाने वडाचा तपकिरी रंग धुतला गेला, साल सुटली आणि बुंध्यावर मे महिन्यातला मथळा स्पष्ट वाचता यायला लागला: ‘सोलापूर तापले, पारा 43 अंशांवर’. त्याच्याच वर वेताळ उलटा लटकून कुडकुडत होता.

मशीन मात्र पत्र्याखाली सुखात होतं. दमट हवेने आपलं काम चोख केलं. धूर असा साचला की पहिल्या रांगेला विक्रम दिसेना आणि विक्रमाला पायरी. अशात त्याची पत्र्याची तलवार मांडवाच्या ओल्या पाइपला लागली. राजाने वाटेत तोंड उघडायचं नाही, हा कथेचा मुख्य नियम. आमचा राजा ओरडला, “अय, करंट बसलालाय बे!”

त्याच क्षणी सगळीकडे अंधार. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आमच्या वायरमनने हट्टाने बसवला होता. खर्चाच्या बैठकीत त्यावरून त्याला फार ऐकून घ्यावं लागलं होतं. राजाला हातात झिणझिण्यांपलीकडे काही झालं नाही. लोकांना मात्र अंधारात धूर तेवढा जाणवला. कोणीतरी “आग!” म्हणालं आणि एका आजींनी आरतीपाशी भरून ठेवलेली बादली थेट स्मशानात रिकामी केली. विक्रम बोलला म्हणून वेताळ सुटला, हे वेताळपंचविशीतल्यासारखंच झालं. फक्त आमचा वेताळ झाडाकडे न जाता चहाच्या टपरीकडे गेला.

आमच्या सोलापूरचा ‘आजोबा गणपती’ 1885 सालचा, म्हणजे लोकमान्यांच्या 1893 च्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा, असं सोलापूरकर छातीठोकपणे सांगतात. तेव्हापासून आमचे उत्सव धुराविना अडले नव्हते. तरी पुढच्या वर्षी ‘पाताळ लोक’ करायचा पोरांचा विचार आहे, आणि भाच्याने बर्फाच्या मोठ्या पेटीचा आराखडाही पाठवलाय.

तेव्हा तुमच्याही मंडळाचा विचार असेल तर ऐकून ठेवा. मशीनच्या डोक्यावर पत्रा हवा, पण बाजू मोकळ्या. त्याचं अंग तापतं. वायरीचे जोड जमिनीपासून उंच बांधा. आरसीसीबीच्या पैशांवरून वायरमनशी भांडू नका. वास नसलेलं लिक्विड मागा. आणि पाऊस सुरू झाला की मशीन बंद करून सरळ लेझीम काढा. सोलापूरच्या लेझमीला पाऊस चालतो.