निळाई आली अंगलट

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मी एकदाच गेलो, पण बाहेर पडलो तो थेट भूगर्भशास्त्रज्ञ होऊन. काचेआड कॅव्हनसाइट पाहिला होता. पांढऱ्या स्टिल्बाइटवर उमललेली गर्द निळी फुलं! कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची अक्षरं जुळवून केलेलं नाव. पहिल्यांदा सापडला अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, पण जगभर गाजवला तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींनी. वाघोलीला जे जमतं ते मालेगावला का जमू नये, असं मी त्या रात्री बायकोला विचारलं. तिने कूस बदलली.

मालेगावजवळ मेहुण्याची डाळिंबाची बाग आहे. नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग बांधावर पडला होता. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक धरतात. रविवारी हातोडी, चाकू, भिंग आणि कस पाहायला फरशीचा तुकडा घेऊन मी ढिगावर चढलो. अर्ध्या तासात पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळे, लखलखीत खडे दिसले. हात थरथरले.

आता शास्त्र. पुस्तकात काठिण्य तीन ते चार; इथे तर नखानेच ओरखडा उठला. माझं नख बळकट, असं ठरवलं. फरशीवर निळसर रेघ उमटायला हवी होती, उमटली पांढरी. ऊन फार होतं, नीट दिसत नसेल. शेवटी जीभ लावली. तुरट! पाठोपाठ पोट ढवळलं. व्हॅनेडियमच ते, मी ओळखलं, आणि बांधाआड जाऊन ओकलो.

मेहुणा धावत आला.

"दाजी, काय खाल्लं?"

मी अभिमानाने दगड पुढे केला. त्याने काही न बोलता तो बादलीभर पाण्यात बुडवला. पाणी निळं होऊ लागलं. कॅव्हनसाइट पाण्यात विरघळत नाही, हे मला ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. मग त्याने कमरेचा विळा पाण्यात धरला. थोड्या वेळाने पातं तांबूस झालं.

"मोरचूद आहे. तेल्या रोगावर फवारायला शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. चुना कमी पडला की विळ्यावर तांबं चढतं. परवा मोरचुदाची बादली इथेच सांडली, तिचं पाणी वाळून खडे झाले."

म्हणजे भिंग, चाकू, फरशी आणि माझं पोट एका बाजूला, विळा दुसऱ्या बाजूला. आणि विळा जिंकला.

त्याने धुतलेला दगड वर काढला. निळं सगळं गेलं होतं. पांढरे पंख्यासारखे स्फटिक मात्र उन्हात मोत्यासारखे चमकत होते.

"आणि हे काय?"

"ते होय? साधं स्टिल्बाइट."

"विरघळलं नाही ना? मग खरं तेच," म्हणत त्याने तो दगड देवळीत ठेवायला नेला. मी चूळ भरली.