योहान म्युलर हाजिर हो!

वधूपित्याने व्याह्यांचा शब्द खाली पडू देऊ नये, हा दंडक अमेरिकेतील मिलवॉकी शहरालाही लागू आहे, हे माझी कन्या तेथील एका जर्मनवंशीय कुटुंबात नांदू लागल्यानंतर लवकरच माझ्या प्रत्ययास आले. वडिलोपार्जित इनामाच्या दप्तरापायी मला मोडी वाचावी लागली होती, ही गोष्ट कोणीतरी त्यांच्या कानी घातली. आणि ज्याला मोडी लागते त्याला जर्मनांची जुनी कुरेंट लिपी न लागण्याचे कारणच काय, असा विचार करून व्याह्यांनी आपल्या मूळपुरुषाचा शोध लावण्याच्या कामी माझी बिनपगारी कारकून म्हणून नेमणूक करून टाकली.

घरात चालत आलेली आख्यायिका अशी की, तीन भाऊ एकाच जहाजातून आले, एक उत्तरेस गेला, एक दक्षिणेस आणि तिसरा, म्हणजे आमचा योहान, पश्चिमेस. स्वदेशी त्यांची गढी होती, ती चुलत्याने घशात घातली. आणि न्यूयॉर्क बंदरात उतारूंची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या कोणा अडाणी कारकुनाने म्युलरचे मिलर करून ठेवले. असे तीन भाऊ अमेरिकेतील पुष्कळ घराण्यांत आलेले असतात, हे मला पुढे कळले. कारकुनावरील आळ मात्र, जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केलेली असल्यामुळे, मला मनस्वी झोंबला. एलिस बेटावरची कचेरी उघडली १ जानेवारी १८९२ रोजी. योहान उतरला १८५४ साली, तेव्हा तिच्या आधीची कॅसल गार्डनची कचेरी उघडायलादेखील वर्षभराचा अवकाश होता. शिवाय एलिस बेटावरील कारकून नावे लिहून घेतच नसत. जहाज निघतानाच तयार झालेली यादी पुढ्यात ठेवून तिच्याबरहुकूम ते उतारूंची जबानी घेत. नावे बदलली ती ज्याची त्यानेच, कोणी शेजाऱ्यांच्या जिभेच्या सोयीसाठी, तर कोणी १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर स्वतःच्या जिवाच्या सोयीसाठी.

योहान जहाजात बसला कोठे? हॅम्बुर्ग बंदरातील उतारूंच्या याद्या १८५० पासून १९३४ पर्यंत सुखरूप आहेत. अर्थात आमचा मूळपुरुष ब्रेमेनहून निघाला. ब्रेमेनच्या दप्तरखान्यात जागेची टंचाई झाल्यामुळे १८७५ पासून तीन वर्षांहून जुन्या याद्या नष्ट करण्याचा शिरस्ता पडला, आणि उरल्यासुरल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. अमेरिकेची १८९० ची खानेसुमारी १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये आगीत सापडली, आणि अग्निनारायणाने जे पानात टाकले होते त्याची विल्हेवाट पुढे सरकारने रीतसर हुकुमाने लावली. हाती राहिलेल्या खानेसुमाऱ्यांत योहान एकदा हॅनोव्हरचा, एकदा प्रशियाचा आणि एकदा जर्मनीचा मूळ रहिवासी होता. गृहस्थ विस्कॉन्सिनमध्ये गाईंच्या धारा काढीत एका जागी बसला होता. मधल्या काळात १८६६ साली बिस्मार्कच्या प्रशियाने हॅनोव्हर गिळले आणि १८७१ साली साम्राज्य झाले, इतकेच. त्याच्या पत्नीचे वय मात्र दर दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढे. त्यात बिस्मार्कचा हात नसावा.

अखेर युटातील मॉर्मन मंडळींच्या कृपेने, म्हणजे जगभरच्या जुन्या नोंदींची मायक्रोफिल्म करण्याचा जो उद्योग त्यांनी १९३८ साली आरंभिला त्याच्या बळावर, हॅनोव्हरकडील एका खेड्यातील चर्चची वही आमच्यापुढे उलगडली. कुरेंटमधील ई आणि एन ही अक्षरे जुळ्या भावांसारखी. त्यात पाद्रीबुवांचा टाक बोथट आणि शाई पातळ. बालपणीच दगावलेल्या लेकरांच्या नावांपुढे चिमुकले क्रूस. घरातील सर्व मुलगे योहान: योहान हाइनरिख, योहान फ्रीडरिख, योहान गेओर्ग, हाक मारायची ती पुढच्या नावाने. मध्येच एक नोंद साफ उलटी, डोके खाली पाय वर. अनौरस अपत्याची नोंद काही गावचे पाद्री अशी उलटी लिहीत, हे मी दबकत सांगताच विहीणबाईंनी मान वाकडी करून ती वाचावयास घेतली आणि शांतपणे विचारले, "आपल्यांतलंच का हे?" व्याह्यांना घाम फुटला. सुदैवाने आडनाव दुसरे निघाले.

या साऱ्या खटाटोपात माझे असे ठाम मत झाले आहे की, सरळमार्गी पूर्वजाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जो सैन्यसेवा पुरी करून, देणी फेडून, परवाना घेऊन देश सोडतो त्याच्याविषयी दप्तरात दोन ओळी सापडतात. जो गुपचूप सटकतो त्याची मिसल होते. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिख हे त्या वेळी बव्हेरियाच्या अमलाखाली असलेल्या कालश्टाट गावचे; १८८५ साली, सोळाव्या वर्षी, सैन्यसेवा न बजावताच ते अमेरिकेस गेले, पैसा गाठीला बांधून १९०४ मध्ये परतले, तो सरकारने जुना हिशेब काढून त्यांना हद्दपारीचा हुकूम दिला. राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांच्या चरणी त्यांनी केलेला काकुळतीचा अर्ज नामंजूर झाला, पण दप्तरात टिकला; घरात मात्र पुढे आजोबा स्वीडनचे म्हणून सांगण्याची रीत पडली, आणि नातवाच्या १९८७ च्या पुस्तकातही तेच छापले गेले.

आमचा योहानही, ईश्वराची कृपा, परवान्यावाचूनच पळाला होता. त्याच्या नावाने निघालेल्या सरकारी इश्तिहारात बाप शेतमजूर असल्याचे स्पष्ट लिहिले आहे; गढीचा उल्लेख नाही, भावांचाही नाही. आहे तो गावच्या चांभाराचा दावा: बुटांच्या एका जोडाचे तीन थालर येणे. व्याह्यांनी तो कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे, आणि त्या चांभाराच्या वारसांनी योग्य तो पुरावा दाखवल्यास मुद्दल तत्काळ फेडण्यास ते तयार आहेत. व्याज मिळणार नाही.