जावई धावताहेत

गुहागरला पहाटे धावायला जायचं तर मनगटावर महागडं घड्याळ असून भागत नाही, भिंतीवर कालनिर्णय लागतं. किनारा सरळसोट, पाचसहा किलोमीटरचा, मागे सुरूचं बन. फोटो बघूनच शहरातल्या धावपटूच्या पोटऱ्या शिवशिवायला लागतात. पण धावता येईल अशी घट्ट वाळू उघडी पडते ती ओहोटीला, आणि ओहोटी काही कोणाचं ट्रेनिंगचं वेळापत्रक बघून लागत नाही. भरतीच्या वेळी गेलात तर बनालगतची कोरडी, भुसभुशीत पट्टी तेवढी वाट्याला येते. तिच्यावरून धावणं म्हणजे रव्याच्या पोत्यात उभं राहून जागच्या जागी पाय मारणं.

गुहागर ही माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या लहानपणी शाळेत पाऊणकी घोकून घेत, आणि भरतीचं गणित सगळं त्या पाऊणकीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास हाती येतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे त्या दिवसांत पहाटे पाणी पार मागे गेलेलं असतं, आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे चांगलं लांब गेलेलं. मी हे फोनमधल्या भरती-ओहोटीच्या ॲपशी ताडून पाहिलं. वीसएक मिनिटांचा फरक निघाला.

"ॲप मागे आहे," सासरे म्हणाले, आणि सुपारी कातरत बसले.

तेव्हा लांब पल्ला अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे आणि अष्टमीला विश्रांती, असं माझं तिथलं वेळापत्रक ठरलं. पुण्याच्या आमच्या ग्रुपची लांबची धाव रविवारी असते, गुहागरला ती अवसेला. अवसेच्या पहाटे, काळोखात, समुद्रावर, एकट्याने जाण्याबद्दल सासूबाईंचं मत अगदी ठाम आहे, पण त्यात चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाला फारसं स्थान नाही.

किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो. उत्तरेकडे धावताना डावा पाय खाली, परतताना उजवा. म्हणून एका टोकाला जाऊन रिक्षाने परत येण्याचा मोह टाळावा, नाहीतर कंबरेचा हिशेब अर्धवट राहतो. पाणी नुकतंच सरलेल्या वाळूवर नखाएवढे खेकडे कामाला लागलेले असतात. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि उरलेल्या वाळूची मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करून मागे टाकायची. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची रांगोळी पडलेली असते. पाऊल जवळ आलं की सगळे एकजात आत. आपण दहा पावलं पुढे गेलो की पुन्हा बाहेर, मागील पानावरून पुढे चालू. मी का धावतो असं अख्ख्या गुहागरात मला कधी कोणी विचारलं नसेल, तर ते या खेकड्यांनी.

कारण कोकणात माणूस कारणाशिवाय धावत नाही. चालतो, तेही सावकाश. थंडी सरता सरता ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून निघून समुद्राकडे धावतात, ते बघायला माणसं रात्रभर प्रवास करून किनाऱ्यावर येतात, पिल्लागणिक हरखतात. त्याच किनाऱ्यावरून एक चाळिशी उलटलेला जावई चड्डी घालून जातो तेव्हा मात्र लोक आधी त्याच्या मागे बघतात. कोण लागलंय पाठीमागे?

वाळूवर निदान गर्दी नसते. खरी परीक्षा गावातल्या रस्त्याची. गुहागर हे समुद्राला समांतर पसरलेलं लांबलचक गाव. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांपलीकडे नारळी-पोफळीची आगरं, आणि प्रत्येक आगराच्या बेड्यापाशी एक कुत्रा व एक आजी. कुत्र्याचं काम सोपं. त्याची हद्द ठरलेली, तिथवर भुंकत सोडायला येतो आणि पुढच्याच्या ताब्यात देऊन परततो. आजी तशी सोडत नाही.

"काय हो जावईबापू, घरी सगळं ठीक ना?"

हो म्हणून पुढे गेलो की तेवढ्याने भागत नाही. मी व्याडेश्वराच्या देवळापर्यंत पोचेतो बातमी घरी पोचलेली असते. एकदा परत आलो तर ओसरीवर शेजारच्या दोघीजणी सासूबाईंची समजूत काढत होत्या. रागावून गेले असले तरी येतील, म्हणे. बॅग नेलेली नाही.

चढाचा सराव हवा म्हणून मी चिपळूणच्या रस्त्याला लागायचो. समुद्रसपाटीवरून मोडकाआगराकडे तो वळणं घेत चढतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता साचतो, आणि जांभ्याच्या तांबड्या धुळीने मोजे पहिल्याच दिवशी कायमचे भगवे होतात. तिसऱ्या वळणावर मागून एसटी आली. पुढे जाऊन थांबली. मी हात केला नव्हता, मी नुसता धावत होतो. पण लाल बसच्या दिशेने धापा टाकत येणारा माणूस म्हटल्यावर त्याचा दुसरा काय अर्थ काढायचा? कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लटकला.

"धावू नका वो, थांबलोय मी!"

मी हातानेच "जा, जा" केलं. त्याला ते "आलो, आलो" वाटलं. खिडक्यांतून सगळी बस बघत होती. 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे पहिल्या गाडीलाही बायकाच जास्त. त्यातल्या एकीने तोवर शेजारची टोपली मांडीवर घेऊन मला जागासुद्धा केली होती. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून आरशात माझ्याकडे बघत होता. चढावर थांबवलेली गाडी, केलेली जागा, आणि खाली मी, व्यायाम करतोय असं सांगायच्या बेतात. तेवढा निर्लज्जपणा माझ्यात नाही. बसलो. शृंगारतळीपर्यंतचं तिकीट काढलं. उतरलो, आणि उताराने धावत परत आलो. अर्ध्या रस्त्यात समोरून दुसरी एसटी आली. तीही थांबली.

एप्रिल-मे लागला की बागांच्या बाजूचे रस्ते बंदच समजायचे. हापूस तयार व्हायला लागतो, बागेत नेपाळी राखणदार रात्रंदिवस असतो, त्याच्याकडे बॅटरी असते, कुत्रा असतो आणि वानरांसाठी बेचकी असते. पहाटे पाचला आंब्याच्या बागेपासून दूर धावत जाणाऱ्या माणसाने आपल्या निरपराधपणाबद्दल काय बोलावं? मी दोन्ही तळहात उघडे दाखवत धावायला शिकलो. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटतो. 1 जून ते 31 जुलै सरकार मासेमारी बंद ठेवतं. धावणाऱ्यांसाठी असा आदेश नाही, पण शेवाळलेल्या जांभ्यावर एकदा पाय पडला की तो आपोआप लागू होतो.

अखेर गावानेच माझ्यासाठी कारण शोधून काढलं. गडग्यापलीकडून एका आजींनी आवाज खाली आणून विचारलं, "शुगर निघाली का हो?" मी दमलेलो होतो, छातीचा भाता चालू होता, म्हटलं, "हो, थोडी." काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. कुत्री तेवढी भुंकायची, बाकी कोणी म्हणून अडवेना. उलट "धावा, धावा, थांबू नका" असा पाठिंबा मिळायला लागला. एसटीवालेही हॉर्न देऊन पुढे जाऊ लागले. एकीने कारल्याचा रस तांब्यात झाकून पाठवला. हळदीकुंकवाला बायकोच्या हातावर लाडू पडला तो "तुमच्यापुरताच हं" असं बजावून.

एकच पंचाईत झाली. ज्या घरी जावं तिथे चहा बिनसाखरेचा. सासूबाईंना खरं ठाऊक होतं, पण गाव एवढी काळजी घेतंय म्हटल्यावर त्यांनीही धोका पत्करला नाही. म्हणून हल्ली मी दक्षिणेला असगोलीकडे धावतो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळूतून आडवे गेलेले त्यांचे दोर, वाळत घातलेली मासळी, आणि पुढे एक चहाची टपरी. तिथे मला ओळखणारं कोणी नाही. परवा पोचलो तर टपरीवाल्याने न विचारता दोन चमचे साखर घातली, वर आणखी अर्धा टाकला आणि कप पुढे सरकवत इकडेतिकडे बघून म्हणाला,

"घ्या. सासरेबुवांना नाय सांगत मी."