मंजुरी कोणाची?

संगणक बंद करायचा असेल तर 'स्टार्ट' दाबायचं. १९९५च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा या गोष्टीवर लोकांनी पोट धरून विनोद केले. थांबायचं असेल तर आधी सुरुवात करा म्हणणारं यंत्र नक्कीच कुठल्यातरी सरकारी कचेरीत घडवलं असणार, असंही म्हणून झालं. खरं तर त्या बटणामागे एक साधी अडचण होती. मायक्रोसॉफ्टने नवख्या लोकांना संगणकासमोर बसवून पाहिलं, तर कुठून सुरुवात करायची हेच त्यांना कळेना. चाचण्यांच्या काळात त्या बटणावर आधी 'सिस्टीम' असं लिहिलेलं होतं. ते खोडून 'स्टार्ट' लिहिलं आणि माणसांना वाट सापडली. पुढची सतरा वर्षं पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याइतका ओळखीचा कोपरा बहुधा दुसरा कुठला नव्हता.

मग २०१२च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि ते बटण गेलं. कंपनीच्या माणसांनी कारण सांगितलं ते असं, की लोक स्टार्ट मेन्यू पूर्वीइतका वापरत नाहीत, असं आकडेवारीत दिसलं. दिसलंही असेल. पण फार न लागणारी गोष्ट आणि नको असलेली गोष्ट यांतला फरक आकडेवारीला कुठे कळतो? आता संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी सरकत बाहेर आली की सेटिंग्ज, मग पॉवर, मग बंद. पट्टी बाहेर येते हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याने सरळ भिंतीवरचं बटण दाबलं. सतरा वर्षं ज्यांनी 'स्टार्ट'ची टिंगल केली तेच आता तो परत द्या म्हणून गळा काढू लागले. तो परत आणून देणारी क्लासिक शेलसारखी सॉफ्टवेअरं लोक शोधून शोधून बसवू लागले. वर्षभराने, २०१३च्या ऑक्टोबरात, कंपनीने बटण परत दिलं, मेन्यू मात्र दिला नाही. दाबलं की तोच नवा रंगीबेरंगी पडदा समोर यायचा. मेन्यूसाठी २०१५च्या जुलैपर्यंत थांबावं लागलं. आणि लोक स्थिरावताहेत असं वाटतं न वाटतं तोच २०२१ साली विंडोज ११ने ते बटण उचलून पडद्याच्या मधोमध नेऊन ठेवलं.

माझे अण्णाकाका पाटबंधारे खात्यात आरेखक होते. ट्रेसिंग पेपरवर धरणांचे, कालव्यांचे, दरवाज्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा त्यांनी एक शंभरपानी वही घातली. मोबाइलवरचं प्रत्येक काम त्या वहीत नकाशासारखं काढलेलं आहे. पट्टीने आखलेला आयत म्हणजे पडदा. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन रेघा, त्यांना बाण, बाणाला 'अ'. खाली 'अ दाबल्यावर उघडणारी यादी', त्यात चौथ्या ओळीला 'ब'. उजव्या कोपऱ्यात रीतसर चौकट: विषय, वीजबिल भरणे, पृष्ठ तीन, दिनांक, सही. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. ही वही घेऊन ते कुणालाही न विचारता बिलं भरत, गॅस नोंदवत, पेन्शन जमा झाली का ते पाहत. मुलाला फोन करावा लागत नाही याचा त्यांना कोण अभिमान.

आणि एका सकाळी त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपने कात टाकली.

"अरे, तुझ्या त्या अ‍ॅपचं काय झालंय?" अण्णांचा फोन. मी संगणकाच्या आसपास नोकरी करतो, त्यामुळे जगातली सगळी अ‍ॅप्स माझी आहेत असं घरात धरून चाललेलं असतं. "तीन रेघा गेल्या. निळं होतं ते जांभळं झालंय. शिल्लक होती तिथे कुणीतरी मला कर्ज देऊ करतंय."

"काका, नवीन अपडेट आलंय. शिल्लक बघायला आता त्या डोळ्यावर टिचकी मारायची."

"कुठला डोळा?"

डोळा सापडला. पण खरा प्रश्न पुढेच होता. "हे बघ," अण्णा म्हणाले, "आमच्याकडे नकाशात एक रेघ हलवायची झाली तरी काढणाऱ्याची सही लागायची, तपासणाऱ्याची लागायची, मंजूर करणाऱ्या साहेबाची लागायची. सुधारणा क्रमांक पडायचा. काय बदललं आणि का बदललं, हे चौकटीत लिहायचं. यावर मंजुरी कोणाची?"

मी अ‍ॅपच्या माहितीत जाऊन पाहिलं. एक लांबलचक आवृत्ती क्रमांक होता आणि त्याखाली एवढंच, की किरकोळ दोष दुरुस्त केले असून कामगिरी सुधारली आहे. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. पाटबंधाऱ्यात असा शेरा लिहिणाऱ्याचं काय झालं असतं, याचा ते विचार करत असावेत.

काकूचं दुखणं वेगळं. तिला शब्द वाचता येतात, चित्रं वाचता येत नाहीत. पूर्वी बटणावर 'सेटिंग्ज' असं लिहिलेलं असे. मग शेजारी दातेरी चाक आलं. मग शब्द गेला आणि चाक उरलं. काकू त्याला कातण म्हणते. करंज्यांचं. "कातण दाबू का?" असं ती विचारते आणि आम्हां सगळ्यांना ते कळतं, त्यामुळे घरापुरता हा प्रश्न सुटला आहे. तीन रेघांचं चित्र नॉर्म कॉक्स नावाच्या गृहस्थांनी झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकासाठी काढलं, त्याचं साल १९८१. म्हणजे ते नवं मुळीच नाही. पण शेजारी शब्द असता तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पडदा 'मोकळा' दिसतो म्हणतात. मोकळ्या पडद्यासमोर बसून माणूस गोंधळला तर तो मोकळेपणा काय चाटायचा?

हे बदल का होतात, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं आहे. काही कारणं सच्ची असतात. जुनं सॉफ्टवेअर सांभाळणं कठीण होतं, त्यात चोरवाटा सापडतात. मोठ्या पडद्यासाठी आखलेलं पान मोबाइलवर मावत नाही. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी अक्षरं, रंग बदलावे लागतात. त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणा ठरेल. पण नोकरीच्या निमित्ताने हे बदल जिथे ठरतात त्या खोल्यांत मी बसलो आहे, म्हणून सांगतो: चांगल्या चाललेल्या पानाला हात न लावल्याबद्दल कुणाला बढती मिळत नाही. नवा साहेब येतो, त्याला काहीतरी दिसेल असं करून दाखवायचं असतं. शिवाय कंपनीला विकायचं असतं ते अंगठ्याखाली आणि गिऱ्हाइकाला हवं असतं ते तीन टिचक्या आत, अशी अदलाबदल दरवेळी थोडी थोडी होत जाते. अण्णांच्या शिल्लकेच्या जागी कर्ज आलं ते काही चुकून नव्हे.

पूर्वी यातून सुटायला एक वाट होती. सॉफ्टवेअर डब्यातून विकत मिळे आणि नवं आवडलं नाही तर जुनं वापरता येई. विंडोज एक्सपी २००१ साली आलं. त्याला कंपनीचा आधार २०१४च्या एप्रिलपर्यंत होता आणि तो संपल्यावरही कितीतरी दुकानांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत ते सुखाने नांदत होतं. जॉर्ज मार्टिन हे प्रसिद्ध कादंबरीकार डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. मी लिहिलेलं परस्पर सुधारणारं यंत्र मला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या गाजलेल्या मालिकेचा सहावा भाग वाचक वर्षानुवर्षं मागताहेत, पण त्या उशिराचं खापर वर्डस्टारवर फोडता येणार नाही. आता मात्र सगळं दूर कुठेतरी सर्व्हरवर असतं. तुम्ही झोपता तेव्हा एक असतं आणि उठता तेव्हा दुसरं. विचारलंच तर एक चौकट येते: 'नवं रूप पाहा' आणि 'नंतर आठवण करा'. नकार देण्याची सोय नाही. फार तर तहकुबी मिळते.

सरकारनेही या बाबतीत मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरण्याचं नवं संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी खुद्द अर्थमंत्र्यांनी ट्विटरवर जाहीरपणे ते बांधणाऱ्या इन्फोसिसला तक्रारींकडे लक्ष द्यायला सांगितलं. म्हणजे देशाच्या अर्थमंत्र्यांनीही तेच केलं जे तुम्ही-आम्ही करतो. ऑगस्टमध्ये संकेतस्थळ सलग दोन दिवस बंद पडलं तेव्हा कंपनीच्या प्रमुखांना खुलाशासाठी बोलावलं गेलं आणि पुढे विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. माझ्या ओळखीचे एक कर सल्लागार त्या उन्हाळ्यानंतर कायमचे अबोल झाले आहेत. निदान जून महिन्यात तरी ते बोलत नाहीत.

एवढं सांगून झाल्यावर वापरणाऱ्यांच्या बाजूचंही एक गुपित फोडलं पाहिजे. आपण नव्यावर रागावतो तेव्हा दरवेळी बरोबर असतोच असं नाही. २००६च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं. तोवर मित्रांचं काय चाललंय ते बघायला एकेकाच्या पानावर जावं लागे; आता सगळ्या बातम्या आपोआप समोर येऊ लागल्या. लोक खवळले. विरोधासाठी फेसबुकवरच एक गट निघाला आणि काही दिवसांत काही लाख माणसं त्यात सामील झाली. झुकरबर्ग यांनी माफी मागितली, काय दिसावं काय दिसू नये याची सोय दिली, फीड मात्र ठेवलं. गंमत अशी, की अमुक मित्र या विरोधी गटात गेला ही बातमी इतरांना कळत होती ती त्याच फीडमधून. ज्याच्याविरुद्ध मोर्चा, त्याच्याच खांद्यावर बसून मोर्चा वाढला. आज फेसबुकमधलं ते फीड काढलं तर काय उरेल? पुन्हा गट निघतील, यावेळी ते परत द्या म्हणून.

ऑफिस २००७मध्ये मेन्यू जाऊन रिबन आली तेव्हा आमच्या कचेरीत सुतक पाळल्यासारखे चेहरे होते. 'प्रिंट' कुठे आहे हे ज्याला सापडलं तो दिवसभर फुशारक्या मारत फिरत होता. आज रिबन काढायची म्हटलं तर तेच लोक दारात आडवे पडतील. म्हणजे जुनं चांगलं असतं म्हणून आपण रडतो असं नाही. जुनं शिकायला आपण घाम गाळलेला असतो आणि तो कुणाच्या हिशेबात येत नाही, रडू त्याचं असतं. अण्णांची वही हे त्यांचं भांडवल होतं. ते एका रात्रीत शून्यावर आलं आणि वर 'खास तुमच्यासाठी' असा निरोप आला.

हाताला जे येतं त्याचा मान ठेवून बदल करता येतो. आपल्याकडेच त्याचा दाखला आहे. टाइपरायटरवर मराठी शिकलेली, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागलेली माणसं संगणकासमोर आली तेव्हा त्यांची बोटं आधीच ठरलेल्या कळांवर पडत होती. रेमिंग्टन कंपनीच्या यंत्रांवरचा तो कळफलक संगणकाच्या दृष्टीने काही फार शहाणा नव्हता. पण मराठी टंकनाची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांनी तो तसाच आत घेतला आणि त्याच्या शेजारी सरकारने प्रमाण मानलेला इन्स्क्रिप्ट ठेवला, उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा फोनेटिकही ठेवला. ज्याला जे येतं त्याने त्याने लिहावं. यंत्रं भंगारात गेली, पण बोटांना कुणी निवृत्त केलं नाही. रेडिटनेही २०१८ साली नवं रूप आणताना जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवलं. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं. फक्त ते सांभाळायला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो.

अण्णांनी नवी वही घातली आहे. यावेळी शाईने नाही, पेन्सिलीने.

तेव्हा नवी रूपं घडवणाऱ्यांनो, बदल जरूर करा, पण काय बदललं ते दोन ओळींत आधी कळवा. निदान वर्षभर जुन्या वाटेने येऊ द्या. आणि ज्या बटणाने पैसे जातात ते बटण तरी जागचं हलवू नका.

वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. विंडोज ११मध्ये तुमचं स्टार्ट बटण मधोमध जाऊन बसलं असेल तर ते डावीकडे परत आणता येतं: सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स, आणि तिथे अलाइनमेंटसमोर 'लेफ्ट' निवडायचं. हे लिहीपर्यंत तरी ते तिथेच होतं.