निवांतपणाची नियमावली : मुक्काम मुरूड

शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतणाऱ्या मुस्लिम जोडप्याने समुद्रकिनारी विश्रांती कशी घ्यावी, याचे अधिकृत मार्गदर्शन आजवर उपलब्ध नव्हते. परिणामी अनेक जोडपी किनाऱ्यावरून परतल्यावर विश्रांतीसाठी सोमवारी रजा टाकतात. दोष त्यांचा नाही, यादीचा आहे. मुंबईहून मुरूडला जायचे ठरले की यादीत कोर्लईचा किल्ला, काशीद, जंजिरा, पद्मदुर्ग, नवाबाचा राजवाडा, खोकरीचे घुमट आणि फणसाडचे अभयारण्य ओळीने येऊन बसतात. एवढ्यावरही रविवारची दुपार मोकळी दिसलीच, तर आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून दिघीमार्गे दिवेआगर उरकले जाते. प्रस्तुत नियमावलीचे म्हणणे असे, की या जोडप्याला कार्यक्रम आखण्याची गरजच नाही. दिवसाचे वेळापत्रक सूर्याने आणि किनाऱ्याचे चंद्राने आधीच ठरवून ठेवले आहे, आणि नमाजच्या वेळा व चंद्राची तारीख दाखवणारे कॅलेंडर ज्या घराच्या भिंतीवर असते, त्या घरात ही दोन्ही वेळापत्रके फुकट पोचलेली आहेत. नियोजनकर्त्याचे काम फक्त बाकीचे खोडण्याचे.

पहिले काम तारीख निवडण्याचे. ती कचेरीच्या कॅलेंडरवरून न निवडता चंद्राच्या तारखेवरून निवडावी. कोकणात भरतीची वेळ काढण्याचे जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले; पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान; पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. हिजरी तारीख चंद्रदर्शनापासून सुरू होते, त्यामुळे ती तिथीच्या एखादा दिवस मागे चालते. तेवढा एक मिळवला की हेच गणित मौलानांच्या कॅलेंडरलाही लागू पडते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, हे ध्यानात घेतल्यास निष्कर्ष अटळ आहे. चंद्राच्या तेरा, चौदा, पंधरा या तारखांच्या आसपासचा शनिवार-रविवार साधला, तर पहाटे फज्रनंतर आणि संध्याकाळी मगरिबच्या आगेमागे, दोन्ही वेळा पाणी दूर गेलेले आणि पुळण ऐसपैस. सात-आठ तारखेला गेल्यास सूर्यास्त नेमका भरतीत सापडतो आणि बसायला जेमतेम पट्टा उरतो. तेरा, चौदा, पंधरा याच तीन तारखांना नफिल रोजे ठेवण्याची प्रथा आहे, तेव्हा दोघांपैकी कुणाचा रोजा असेल तर त्याने ते खानावळीत सुरमई सांगण्यापूर्वी जाहीर करावे. जून-जुलैत मात्र हे गणित घरीच सोडवावे. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते.

तारीख ठरली की दिवस आपोआप ठरतो. फज्रनंतर परत झोपण्याची सवलत पहिल्या दिवशी नाकारण्यात येत आहे, कारण ओल्या पुळणीवरचे काम त्याच वेळी चालू असते. वाळूतले चिमुकले खेकडे बिळाबाहेर येऊन वाळू चाळतात, त्यातले खाण्याजोगे ठेवून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या बिळाभोवती मांडत जातात. भरती आली की सगळे पुसले जाते आणि पुढच्या ओहोटीला काम पुन्हा पहिल्यापासून. हिवाळ्यात चिखल्या, तुतवार आणि कुरव हे पाहुणे पक्षीही ओहोटीच्याच वेळेला बांधलेले. नऊ वाजता नाश्ता करून, दहा वाजता आवरून बाहेर पडणाऱ्या जोडप्याला चढते पाणी आणि तापलेली वाळू मिळते. मग किनाऱ्यावर काहीच नाही असा निर्वाळा देऊन ते किल्ल्याकडे वळते. दुपारी भरती पुळण ताब्यात घेते, म्हणून जेवण, जुहर आणि झोप. संध्याकाळी पुन्हा ओहोटी. गाडी मात्र सुरूच्या बनापलीकडे रस्त्यावरच ठेवावी. वाळूत रुतलेल्या गाडीला भरतीची वेळ समजावून सांगता येत नाही, आणि ती काढायला जमलेली गर्दी हा निवांतपणाचा भाग मानता येत नाही.

आता धर्माचा भाग. अनेकांची समजूत अशी की धार्मिक जोडप्याला प्रवासात अडचणी फार. पुरावा उलट बोलतो. मुरूड मुंबईहून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे प्रवाशाला चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकातींत पढण्याची जी सवलत आहे तिच्या अंतरात ते आरामात बसते, आणि दोन रात्रींचा मुक्काम ती सवलत मोडण्याइतका लांब नाही. किब्ला शोधायला मोबाइल नको. इथून मक्का पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, म्हणून मुरूडच्या पुळणीवर समुद्राकडे तोंड केले की दिशा जवळपास साधते. समुद्राचे पाणी पाक आणि त्यातले मेलेलेही हलाल, असे हदीस सांगते. वुजू आणि दुपारचे जेवण हे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात निकाली निघाले. मासा जबह करावा लागत नसल्याने सुरी कुणाची, ही चौकशीही वाचते. थोडक्यात, ज्या शरियतने प्रवाशाचे काम निम्म्यावर आणले, तिच्या अनुयायांनी प्रवासात स्वतःचे काम दुप्पट करावे, याला कुठलाही आधार सापडत नाही.

यावर जाणकार विचारतील: दोघांचा मजहब वेगळा असेल तर? प्रश्न रास्त आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी, आणि लग्ने दोन्हीकडे होतात. बायको श्रीवर्धनची आणि नवरा मराठवाड्यातला असेल, तर अस्रच्या वेळेत सुमारे पाऊण-एक तासाचा फरक पडतो, कारण शाफई सावली वस्तूइतकी लांबली की अस्र धरतात आणि हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. प्रवासात जुहर-अस्र एकत्र पढण्याची मुभा तिला आहे, त्याला नाही. तिसऱ्या तिला चालतात, त्याला नाहीत. कोळंबीवर तर हनफींमध्येच दोन मते असल्याने नवऱ्याचे मत आधी विचारून ठेवावे. सुरमई आणि पापलेट यांवर उम्मतचे एकमत आहे, आणि ताटाचा पाया तिथेच घालावा. अस्रच्या फरकाकडे अडचण म्हणून पाहणे हे अपुऱ्या विचाराचे लक्षण होय. वैवाहिक जीवनात दोघांनाही पाऊण तास एकटे बसण्याचे शरियतसंमत कारण अन्यत्र सहसा मिळत नाही.

दुसरा आक्षेप: पाचही नमाजा न पढणाऱ्यांनी काय करावे? त्यांनीही हेच करावे. मुरूडमध्ये अजान सगळ्यांनाच ऐकू येते, आणि ओहोटी तर कुणाची हजेरी घेत नाही. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या लांब जाऊन जंजिरा पाहायचा नाही? मराठ्यांना, पोर्तुगीजांना, इंग्रजांना जो किल्ला जिंकता आला नाही, तो जोडप्याने रविवारी दीड तासात सर केलाच पाहिजे असे नाही. तरीही आग्रह असेल तर एकच गोष्ट निवडावी. किल्ला निवडल्यास राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे आणि परत येऊन त्या दिवसाचे काम संपले असे समजावे. निसर्ग हवा असेल तर फणसाड. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते, 1986 साली अभयारण्य झाले, आणि तिथला शेकरू दिसायचा तर झाडाखाली गप्प उभे राहावे लागते. यादीतली सात ठिकाणे पाहणाऱ्याला शेकरू दिसत नाही, याचे कारण नशिबात शोधू नये. तो सहाव्या ठिकाणी जाण्याच्या घाईत असतो.

मुक्कामाच्या खोलीबाबत दोन धोके आहेत. एक, फोनवर नाव सांगताच ज्या घरगुती निवासाच्या सगळ्या खोल्या एकाएकी भरतात, तिथे पुन्हा फोन करू नये. ती भरती कुठल्याच तिथीच्या गणितात बसत नाही. ज्या गावात सुरमई तळणारी खाला आणि वाडीतल्या खोल्या देणारे काका शेजारी शेजारी आहेत, तिथे अशा घरावाचून अडत नाही. दुसरा धोका अधिक गंभीर, कारण तो प्रेमातून येतो. रायगडच्या किनाऱ्यावर बायकोच्या फुफीचे घर नाही असे गाव सापडणे कठीण. फुफीला सुगावा लागला की सांदणे उकडली जातात, शेजारची चार घरे भेटायला येतात, आणि रविवार संध्याकाळपर्यंत जोडप्याने समुद्र फक्त ओटीवरून ऐकलेला असतो. तेव्हा फुफीला परतीच्या वाटेवरून फोन करावा. राग येईलच, पण तो पुढच्या भेटीपर्यंत टिकतो आणि तेवढा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

ही सगळी खोडाखोड झाल्यावर मुरूडच्या दोन दिवसांत किमान आठ तास असे उरतात, की ज्यांत ना नमाज, ना जेवण, ना भरती. या वेळेत नवरा-बायकोने एकमेकांशी काय बोलावे, याविषयी दोन्ही मजहबांच्या पुस्तकांत ठराविक हुकूम नाही. तेवढा निर्णय जोडप्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा.