झोप ज्याची त्याची

दुपारी एक ते चार या वेळात कोथरूडमध्ये कुणाला झोपवावं लागत नाही. डहाणूकर कॉलनीतली शटरं खाली येतात, घरंच्या घरं डाव्या कुशीवर वळतात आणि बेल वाजवणारा कुरियरवाला पूर्वजन्मीचा वैरी ठरतो. अशा वेळी मला हटकून आबे फारिया आठवतो. झोपेवर पोट भरणारा हा माणूस इथे उपाशी मेला असता.

गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री १८१३ मध्ये पॅरिसात पैसे घेऊन लोकांना झोपवू लागला. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचं आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडायचा, ‘झोपा!’ त्याआधी मेस्मर नावाच्या डॉक्टरने अंगातल्या कसल्याशा अदृश्य प्रवाहावर सगळा भार टाकला होता. तो तुंबला की आजार, वाहिला की आराम. फारिया म्हणाला, प्रवाह वगैरे काही नाही, माझ्या हातातही काही नाही. झोप झोपणाऱ्याच्याच मनात असते. स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलणाऱ्याचा धंदा कितीसा चालणार? एका नटाने झोपेचं सोंग घेतलं आणि भर सभेत डोळे उघडून त्याची टर उडवली. सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. इथे सोंग आपणहून उठलं आणि झोपवणाऱ्यालाच आडवं करून गेलं. १८१६ मध्ये त्याच्यावर एक प्रहसनही रंगभूमीवर आलं, आणि १८१९ मध्ये तो गेला.

आपल्याकडे असली परीक्षा कुणी घेतली नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला तो स्वप्नात, आणि पुढे बहिणाबाईंवर तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. गुरुपरंपरा अशी झोपेतून झोपेत, बिनबोभाट चालत आली. त्यातही मला मोह पडतो तो पावशेर तुपाचा. बाबाजींनी तुकोबांच्या स्वप्नात जेवायला तेवढंच मागितलं, आणि शिष्य नेमका ते विसरला. साक्षात्काराच्या ऐन क्षणी कुणालातरी भूक लागलेली असावी, याने फार धीर येतो.

माझी आजी हुकूम सोडत नसे, थोपटत असे. थोपटता थोपटता तिचाच हात मंदावायचा, बांगड्या गप्प व्हायच्या, आणि आम्ही तो जड झालेला हात अलगद उशीवर ठेवून पसार व्हायचो. फारियाला याहून चांगला दाखला पॅरिसात मिळाला नसता. आता वाटतं, त्या बाईला दिवसभरात पाठ टेकायला तेवढंच निमित्त होतं.

फारियाची एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि पोराची बोबडीच वळली. तेव्हा खालून बाप कोकणीत पुटपुटला की ही सगळी भाजी आहे, काप ती! आणि जीभ सुटली. पुढे परक्यांना झोपवत फिरलेल्या या माणसाला आधी जागं केलं ते बापाने, तेही भाजीचं नाव घेऊन. मेस्मरच्या त्या अदृश्य प्रवाहाला कोकणी येत असेल, असं मला तरी वाटत नाही.