बापूंचं लॉगशीट

"काय, तब्येत कशी?" याचं उत्तर आपल्याकडे पूर्वी ठरलेलं होतं. "बरं चाललंय" म्हणायचं आणि चहा सांगायचा. आमचे बापू असं मोघम उत्तर देत नाहीत. प्रश्न कानावर पडला की ते डावी बाही वर सरकवतात, चष्मा कपाळावर चढवतात, मनगट हातभर लांब धरतात आणि म्हणतात, "थांब, बघतो." मग कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या अरुंद रस्त्यावर, मागून रिक्षा हॉर्न देत असताना, आपल्याला त्यांच्या नाडीचे ठोके, रात्रीची झोप आणि आजची पावलं ऐकून घ्यावी लागतात. आपण बरे आहोत की नाही हे बापूंना आतून कळत नाही असं नाही. पण आतून आलेल्या बातमीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांना लेखी लागतं.

याला कारण एसटी. बापूंचा जन्म डेपोत डिझेलचा हिशेब ठेवण्यात गेला. एसटीत गाडीचं ॲव्हरेज एका लिटरवर काढत नाहीत, दहा लिटरवर काढतात. त्याला केपीटीएल म्हणतात. त्या एका आकड्यावरून बापू सांगायचे, की कुठला ड्रायव्हर गाडी लेकरासारखी सांभाळतो आणि कुठला घाटात उगाच गिअर कुटतो. ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला तरी बापूंची नजर लॉगशीटवर. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि लॉगशीट गेलं. पुढची काही वर्षं त्यांनी गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून कशीबशी ढकलली.

मग करोना आला, आणि एरवी हे बोलू नये, पण बापूंना तरतरी आली. गल्लीतला पहिला ऑक्सिमीटर त्यांचा. आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा, हे तेव्हा शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. बापू सकाळ-संध्याकाळ घरादाराची बोटं चिमट्यात धरायचे आणि वहीत उतरवायचे. एका संध्याकाळी सुनेचा आकडा ८८ आला. मुलगा गाडीची किल्ली शोधायला धावला, बापू फोनवर बेड शोधू लागले. काकूंनी तेवढ्यात सुनेच्या बोटावरचं गडद नेलपॉलिश पुसलं आणि चिमटा पुन्हा लावला. ९८. ते यंत्र बोटातून प्रकाश आरपार सोडून रक्ताचा रंग बघतं. नखावर आपणच रंग फासला तर ते बिचारं काय करणार? बापूंनी यावर वहीत एक नवा रकाना आखला: नेलपॉलिश, आहे किंवा नाही.

घड्याळ आलं ते नंतर, पुण्याच्या मुलाकडून, साठीशांतीच्या कितीतरी मागून. त्याच्या पाठीला हिरवे दिवे आहेत. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला मनगटात रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश किंचित घटतो, आणि त्या घटीवरून घड्याळ ठोके मोजतं. हे बापूंनी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्यांना समजावलेलं आहे, भेळवाल्यालासुद्धा. काकूंना या विज्ञानाचं कौतुक नाही. "रात्री कूस बदलली की पांघरुणात काजवा शिरल्यागत उजेड पडतोय," एवढंच त्या म्हणतात.

पावलांचं प्रकरण मात्र नाजूक आहे. घड्याळ पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं. हे ज्या दिवशी बापूंना कळलं त्या दिवसापासून त्यांनी डाव्या हातात पिशवी धरणं सोडलं. "हात हलंना झाला की पावलं बुडत्यात," असं म्हणून ते भाजीची एकच पिशवी उजव्या हातात घेतात, बटाट्यांची काकूंकडे देतात, आणि रिकामा डावा हात परेडला निघाल्यासारखा हलवत पुढे चालतात. रात्री साडेदहाला नऊ हजार सहाशेवर काटा अडला तर ते सोप्यात येरझाऱ्या घालतात. आपल्या पूर्वजांनी जेवणानंतर शतपावलीवर माणसाला मोकळं केलं होतं. हे जादा नऊ हजार नऊशेचं ओझं आलं जपानातून. टोकियोच्या ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला. तो डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हता, खपायला बरा होता. मी हे बापूंना सांगितलं. ते जराही डगमगले नाहीत. "म्हंजे टार्गेट वरनं आलंय," ते म्हणाले. वरून आलेल्या टार्गेटला कारण विचारायचं नसतं, हे एसटीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी आणखी जोर लावला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते बायकांचं," म्हणाले आणि सोप्यात निघून गेले.

झोपेच्या बाबतीत घड्याळाचा शब्द अखेरचा. एकदा सकाळी बापू गाणं गुणगुणत उठले, दोन कप चहा घेतला, पेपर वाचला आणि मग मोबाईल उघडला. झोपेला शंभरपैकी ५८ गुण. तिथून त्यांचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत जांभया, संध्याकाळी डोकं जड. "अहो, रात्रभर घोरत होता की," काकू म्हणाल्या. "मी जागी होतो म्हणून ऐकलो." प्रत्यक्ष साक्षीदाराचा जबाब फेटाळला गेला. उलट प्रकारही घडतो. सुनेच्या माहेरी एका सत्काराला पाहुण्यांचं भाषण लांबलं, बापू हात मांडीवर ठेवून निश्चल बसले, तर घड्याळाने त्याची पाऊण तास झोप लावली. झोप लागली होती की नाही यावर त्यांनी आजतागायत मत दिलेलं नाही. नोंद आहे म्हटल्यावर ती मान्य. यंत्राच्या गुणांपायी स्वतःच्या झोपेवरचा विश्वास उडालेले लोक अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढेही येऊ लागले, आणि २०१७ साली त्या डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंधच लिहिला. म्हणजे बापू एकटे नाहीत. शिवाजी पेठेत पहिले असतील.

खाण्याची नोंद ठेवणारं ॲप त्यांनी घेतलं तेव्हा खरी लढाई जुंपली, कारण ते कोल्हापूरसाठी केलेलंच नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर चार बोटं फेस. बापू उभ्याउभ्या मोबाईलमध्ये शोधतात, तर बदामाचं दूध आहे, ओटचं आहे, सोयाबीनचं आहे, साय काढलेलं आहे. मागचा माणूस म्हणतो, "बापू, प्या की, गार व्हायलंय." शेवटी त्यांनी "दूध, अर्धा ग्लास" अशी नोंद केली. का, तर उरलेला अर्धा फेस होता. याच न्यायाने मिसळ "मोड आलेली कडधान्ये" या नावाने लागते आणि तांबडा-पांढरा रस्सा "सूप, दोन वाट्या" म्हणून. आयुष्यभर ड्रायव्हरांच्या लॉगशीटमधली हातचलाखी पकडलेल्या माणसाला ही कला अवगत असणारच.

बापूंच्या मनाला एक सल आहे: त्यांना साखर नाही. समोरच्या जोशीकाकांना आहे, आणि त्यांच्या दंडावर चौदा दिवस टिकणारा सेन्सर चिकटवलेला आहे. भात खाल्ला की मोबाईलवर आलेख चढताना दिसतो. तो सेन्सर रक्तातली नाही, कातडीखाली पेशींभोवती असलेल्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. "लेट हाय, पण रोजची सर्व्हिस हाय," बापू हळहळतात. साखर नसल्याबद्दल एवढं वाईट वाटलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

डॉक्टरांकडे ते महिन्याच्या छापील कागदांची फाईल घेऊन जातात. डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांनी फाईल बाजूला सारली, पट्टा गुंडाळला, हवा भरली. "वर गेलंय. सकाळची गोळी घेतली?" बापू मोबाईल चाळू लागले. गोळी राहिली होती. आदल्या दिवशीचीही. ठोके होते, पावलं होती, पाणी किती ग्लास तेही होतं; पण गोळीला ना गुण, ना गोल पूर्ण होताना फुटणारे फटाके. ज्या एका गोष्टीने प्रकृती खरोखर सांभाळली जात होती, तिला बापूंच्या लेखी, एसटीच्या भाषेत सांगायचं तर, भारमानच नव्हतं. आता काकू गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. यात कुठलंही ॲप नाही.

काकूंनीच परवा एक दिवस ते घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं. दुपारी जेवायच्या आत दहा हजार झाले आणि घड्याळाने थरथरून अभिनंदन केलं. बापूंनी वही काढली. "सकाळी ताक केलंस न्हवं? रवीचे चौदाशे वजा." काकूंचा हात दोरीला हिसके देत होता, ती पावलं नव्हेत, असा आक्षेप. काकूंनी घड्याळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "मग उद्यापासनं ताक तुमीच करायचं."

तेव्हापासून बापू रोज पहाटे डेऱ्यापुढे बसतात. स्वतःच्या हिशेबात हे चौदाशे वजा करायचे की नाहीत, याचा निर्णय अजून झालेला नाही. रकाना मोकळा सोडला आहे. घरात ताक मात्र एवढं होतंय, की आमच्याकडे रोज तांब्याभर येतं. चांगलं असतं. लोणी ते वजन करून आत ठेवतात.